भरल्या पोटाचा आजार

आये, तू कधी न पाहिलेली तुझी नात, माझी लेक, पावसाळा लागल्यापासून जव्हारला माझ्या घरी पडून आहे. ताप नाही, खोकला नाही. ठाण्याला चांगली नोकरी होती, ती सोडून आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली ती निजलीच. केस विंचर म्हटलं की 'हो' म्हणते आणि विंचरत नाही. मी आश्रमशाळेची अधीक्षिका, अख्ख्या वसतिगृहातल्या पोरी एका हाकेत उठवते आणि घरातली एक उठत नाही, म्हणजे बघ माझी काय शोभा! हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणूनच मोकळेपणी लिहिते.

मध्ये आपल्या साखरशेतहून काकू आली होती. तुझी धाकटी जाऊ, अजून ठणठणीत आणि तोंडाची तशीच फटकळ. पोरीकडे बघून म्हणाली, "आमच्या टायमाला असला आजार नव्हता बाय. पोट भरलं का ही थेरं सुचतात." मला असा राग आला! पण घरी आलेलं माणूस, ओठांवर आलेलं गिळलं आणि चहा ठेवला. चहा उकळताना तूच आठवलीस. मी लहान आहे, भाताची आवणी चालू आहे, सगळं गाव चिखलात आहे आणि तू घरात पडली आहेस. बाबा दारात उभे, त्यांना काही सुचत नाही. तेव्हा आपल्याकडे माणूस आडवं झालं की लोक एकच ओळखायचे, उपाशी असेल. मग हीच काकू नागलीची भाकर घेऊन येते, शेजारीण आंबील आणते. भर पावसाळ्यात त्यांच्याच कणग्या रिकाम्या, तरी तुला आणून देतात. तू उठून बसतेस, खातेस, भांडं धुऊन परत देतेस आणि पुन्हा आडवी होतेस. लोक चक्रावले. भगताने तांदूळ टाकून पाहिले, वारं लागलंय म्हणाला, कोंबडं मागितलं. त्याचा रस्सा आम्हा पोरांना मिळाला, तेवढाच काय तो फायदा.

चहा देताना मी म्हटलं, "काकू, माझ्या आयेला विसरलीस का गं?"

"तिची गोष्ट येगली. तिला खायला नव्हतं."

"तूच तर भाकर आणायचीस. भाकरीने उठली का ती?"

काकूने बशी खाली ठेवली. पोरीच्या पाठीकडे बघितलं. "नाय उठली," म्हणाली. मग जाऊन पोरीच्या पायथ्याशी बसली आणि तिचे पाय चेपत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला दवाखान्यात नेलं. तिथे मनाचे डॉक्टर येतात हल्ली. त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं?" लग्नाची पोर आहे, उद्या सोयरीक बघायची, 'नाही' अगदी जिभेवर होतं. पण मी तुझं सगळं सांगितलं. पोरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आजीलापण?" इतक्या दिवसांत तिने स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. मी डॉक्टरांना म्हटलं, हे आताच्या पोरांतच वाढलंय, सगळे म्हणतात. ते म्हणाले, "तरुणांमध्ये जास्त दिसतंय, खरं आहे. पण तुमच्या आईला तेव्हा कोणी विचारलं होतं का? मग किती वाढलं, ते कशाशी ताडून बघायचं?"

गोळ्या चालू आहेत. पोर अजून दुपारभर निजते, पण काल ओट्यावर येऊन बसली. "आजी मग उठली का गं?" म्हणाली. मी सांगितलं, उठली, दिवाळीच्या आसपास, आपली आपणच. पुढे दरवर्षी पडायची आणि दरवर्षी एकटीच उठायची. "एकटीच?" म्हणाली, आणि माझा हात धरून बसली.

तिला एक नाही सांगितलं, ते तुला सांगते. डॉक्टरांनी तुझ्याही पडून राहण्याला आजार म्हटलं तेव्हा रडू यायला हवं होतं, पण मला आधी हायसं वाटलं. मी लहानपणी तुझ्या पाठीशी बसून 'आये, आये' करायचे आणि तू वळायची नाहीस. इतकी वर्षं मी धरून चालले होते की मी तुला नको होते.