वाचनालयाच्या बारा खुर्च्या

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्या डॉक्टरांना फोन केला. चार महिने म्हणाले, फार तर. मला तू ‘जरा अशक्तपणा’ एवढंच कळवलंस, त्याबद्दलचं भांडण समोरासमोर करीन. आता हट्ट पुरे. खुर्च्या विणायचं दुकान बंद कर आणि इकडे ये. तुझ्या भाचीने, मनीने, आपली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. पलंग खिडकीशी ओढलाय. जन्मभर लोकांच्या बसण्याची सोय केलीस, आता तू पड. मला भीती वाटते ताई, लपवत नाही.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरांचे चार महिने डॉक्टरांना लखलाभ. मी परवाच वाचनालयाच्या बारा खुर्च्या विणायला घेतल्या. एकीला तीन आठवडे लागतात. तू निवृत्त गणित-मास्तर, पुढचा हिशेब तूच कर.

कळलं त्या दिवशी दुकानाचं दार लावून मनसोक्त रडले. पण वेत सकाळीच पाण्यात घातला होता. भिजलेला वेत कुणासाठी थांबत नाही, वाळला की मोडतो. म्हणून डोळे पुसले आणि विणायला बसले. संध्याकाळी लक्षात आलं, दुपारभर मरणाची आठवणसुद्धा झाली नव्हती. तुझ्या खिडकीशी पडून ते मला साधेल का?

मरणाला यायचं तर येऊ दे दुकानात. रिकामी खुर्ची नाही, उभं राहावं लागेल.

डाव्या हातातला जोर मात्र गेलाय. खालून पट्टी ओढायला कुणीतरी हवं. दहा वर्षांचा असताना बाबांची खुर्ची विणलीस, तेव्हा वरून जायची एक तिरकी पट्टी खालून घातलीस. बाबांनी ती उसवू दिली नाही, शेवटपर्यंत तिच्यावरच बसले. तेवढं कसब पुरे. मला न्यायला येऊ नकोस, विणायला ये.

माया आहेच. आळस तिकडेच ठेवून ये.
ताई

९ जुलै

चि. मनीस,
अ. उ. आ.

तुझी आत्या काल सकाळी गेली. वेत पाण्यात घालून नवव्या खुर्चीसमोर स्टुलावर टेकली, ती पुन्हा उठली नाही. परवाच तिने डॉक्टरांना निरोप धाडला होता, की तारीख चुकल्याबद्दल आपला राग नाही.

तिला पोचवून परत आलो. शेजारी म्हणाले, आज राहू द्या. पण वेत भिजलेला होता. बसलो विणायला. डोळे सारखे भरून येत होते, त्यात एक तिरकी पट्टी खालून गेली. दिसली मला. उसवली नाही.

तुझी खोली परत घे, पलंग भिंतीला लाव. मला यायला दहा आठवडे तरी लागतील, ही नववी संपली की आणखी तीन खुर्च्या बाकी आहेत. जमलं तर तूच ये. खालून पट्टी ओढायला कुणीतरी हवं.

तुझे पप्पा