लसीचं आवतण

ता. ६ नोव्हेंबर

सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचा भरभरून आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? भावजींचे गुडघे? माझं बरं चाललंय. जिना चढताना मध्येच एकदा टेकते, एवढंच. फोनच करणार होते, पण भावजी स्पीकर लावून ऐकत बसतात आणि हे बोलणं दोघींतलं आहे. शिंपीणबाई तुझे कपडे द्यायला येतेय, तिच्या हाती पत्र देतेय. गिरणीतल्या पाट्या वाचून जुळवलेली अक्षरं आहेत, काना-मात्रा सांभाळून घे.

परवा तू म्हणालीस, "जाऊबाई, दवाखान्यातून पुन्हा फोन आला! फ्लूच्या लसीला बोलावतायत. काय गोड बोलते हो ती पोरगी! 'काकू, थंडी पडायच्या आत या, तुमच्या छातीला जपायला हवं.' हा तिसरा फोन. तुम्हाला नाही आला?"

पंगतीत शेजारच्याने विचारावं, तुम्हाला नाही वाढलं? तसं लागलं ते मला. "मला कशाला येईल, मी ठणठणीत आहे," म्हटलं, आणि नेमका तेव्हाच ठसका लागला. तू हसलीस. ऐकू आलं मला.

रात्रभर धुमसत होते. दोघींनी एकाच गिरणीत कापसाची धूळ गिळली, एकाच डॉक्टरांनी दोघींना दम्याचा पंप दिला, आणि आवतण धाकटीला? थोरलीचा काही मान? ठरवलं, बोलावल्याशिवाय जायचं नाही. सुई सोन्याची असली तरी!

पण बसवेना. काल पंप संपल्याचं निमित्त करून दवाखान्यात गेले. पंप अर्धा शिल्लक होता, तो पिशवीच्या तळाशी दडवला. फोन करणारी नर्स खिडकीशी बसते. कानात वायर, पुढ्यात साय धरलेला चहा.

"मी काय घोडं मारलं तुमचं? धाकटीला तीन-तीन फोन, मला एकही नाही?"

तिने संगणकात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजी, मागच्या हिवाळ्यात तुम्हीच म्हणालात, या नंबरावर पुन्हा फोन करू नका."

तेव्हा आठवलं. आठवलं कसलं, विसरलेच कुठे होते? हे गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला होता. "आजोबांची लस राहिलीय, घेऊन येता ना?" यांच्या चपला अजून दाराशी होत्या. तिला बिचारीला काय ठाऊक! मी ओरडले नि फोन ठेवला. दोघांत मिळून एकच नंबर. फोनांच्या यादीतून तो काढला, त्यात माझंही नाव गेलं. हे तुला कधी बोलले नाही.

नर्स म्हणाली, "आता आलाच आहात तर घेऊन टाका."

"छे! आधी फोन करा, मग बघू."

"अहो आजी, समोर तर बसलायत!"

"म्हणून काय झालं? तिला फोन, आणि मला वाटेतली म्हणून ओढून?"

पोरगी हसली, आणि खरंच तिने फोन लावला. माझी पिशवी वाजायला लागली. टेबलाच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी. "आजी, फ्लूची लस घ्यायला येता ना?"

"कोणाची?" मी विचारलं.

"तुमची. फक्त तुमची."

पदर सारखा केला नि म्हटलं, "बघते बाई, सवड झाली तर." बाकावर सगळे छातीचेच पेशंट, हसता हसता खोकत सुटले.

मग घेतली सुई. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. उठताना विचारलं, "आता पुढचा फोन कधी?"

"पुढच्या वर्षी. लस घेतली की फोन बंद. येत नाहीत त्यांनाच आम्ही पुन्हा पुन्हा करतो."

घरी येताना वाटेत डोक्यात प्रकाश पडला. तीन फोन! म्हणजे तू गेलीच नाहीस. धाकटे, पोरं आपापल्या कामात, भावजी टीव्हीपुढे, आणि 'छातीला जपा' म्हणणारा तेवढा एक आवाज. तो बंद होऊ नये म्हणून सुई लांबवतेस ना? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

आता माझंही ऐक. मला वाटत होतं, हेवा फोनाचा आहे. तुला दवाखान्यात सोडायला, बाहेर पिशवी धरून ताटकळायला अजून तुझं माणूस आहे. हेवा त्याचा आहे गं. त्यावर कुठली लस निघायची? राहू दे तो तसाच.

पण पत्र वाचलंस की भावजींना टीव्हीपुढून उठव आणि जा. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात म्हणे, आणि पहाटेचा वारा आताच बोचायला लागलाय. मग फोन कोण करणार, म्हणशील. मी करीन, रोज. गोड बोलता येत नाही मला, तेवढी बोलणी खावी लागतील.

हेवा करायलाही समोर हक्काचं माणूस लागतं. मला आता एक तूच उरलीस.

तुझ्यावर जळणारी आणि तुझ्यावाचून न चालणारी,
थोरली