कार्टूनमधलं वासरू आणि गंगावेशीतली म्हैस

रविवार, १९ मे १९७४

आज माझा बेत साफ फसला, तरी मी खूश आहे. सात वर्षांची झाली तरी आमची बेबी दुधाचा पेला तोंडाला लावत नाही. म्हणून दुपारी तिला आईचं दूध पिऊन गुटगुटीत होणाऱ्या वासराचा कार्टून सिनेमा दाखवला आणि तिथून थेट गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं. समोर म्हशीची धार बघून तरी पिईल, एवढाच माझा डाव.

गवळ्यानं फेसानं भरलेला पेला पुढं केला. बेबीनं दोन्ही हात मागं घेतले.

"मामा, हिचं रेडकू कुठं हाय?"

"घरला बांधलंय की, बाळ."

"त्यानं पिलं का?"

भोवतीची गिऱ्हाइकं वळून आमच्याकडं बघायला लागली. मी तिला दटावणारच होते. कशाला? चारचौघांत लाज वाटली म्हणून? गवळी मात्र हसला, म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ऱ्हायलेलं आता त्याचंच. चला पावणं, आज एवढंच!" आणि चरवी उचलून उठलाच.

फेसाचा तो पेला शेवटी मीच प्यायले. लहानपणापासून त्या कट्ट्यावर दूध पितेय मी. रेडकाचं एकदाही विचारलं नव्हतं.