मास्तरांना ऐकू येत नाही

२ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा तेच. हॅम रेडिओवर सकाळचं नेट, म्हणजे सगळ्यांची सभा, भरलं, सगळ्यांचे रामराम झाले, भुसावळकरांनी नेहमीसारखी हजेरी घेतली आणि मला वेळ दिली. मी मास्तरांना हाक मारली. मास्तर आले. थंडी विचारली, केळी विचारली, म्हैस व्याली का विचारलं. मग मी विचारलं, "यंदा बदली मागता येते. अर्ज करताय ना?"

लगेच, "क्यूएसबी आहे, क्यूएसबी. आवाज खाली-वर होतोय. तुझा ट्यूनर नीट लागलेला नाही. सेव्हन्टी थ्री." म्हणजे रेडिओतला निरोप. गेले.

म्हैस ऐकू जाते, बदली ऐकू जात नाही. माझ्या आवाजाला बरोबर त्या एका शब्दावर खड्डा पडतो.

लग्नाच्या नवऱ्याशी बोलायचं तर कुठे, चाळीस मीटरच्या बँडवर. जिथे भुसावळपासून इंदूरपर्यंतचे रिकामटेकडे चहाचे कप घेऊन ऐकत बसलेले असतात.

५ फेब्रु., बुधवार

मास्तर बाजाराला मोलगीला आले होते, म्हणून फोन. मी सरळ विचारलं. मागे कोणीतरी कोंबड्यांचा भाव करत होतं. म्हणाले, "इथे गर्दी आहे. रविवारी रेडिओवर सांगतो."

रेडिओवर क्यूएसबी, फोनवर गर्दी, संक्रांतीला घरी आले तेव्हा झोप. चार दिवसांतले दोन झोपण्यात गेले आणि दोन गच्चीवर, अँटेनाची तार ताणण्यात.

दोन वर्षांसाठी म्हणून गेले होते मणिबेलीकडच्या त्या आश्रमशाळेत. बोटीने जायचं, वर चढायचं, मोबाइलला रेंज नाही. "तू पण रेडिओचं लायसन्स काढ, रोज बोलू." काढलं. अभ्यास मी केला, परीक्षा मी दिली, आणि हे प्रकाशा गावच्या बाजारात सांगत सुटले की आमच्या हिला मी पास केलं.

आता तिसरं वर्ष संपत आलं.

९ फेब्रु., रविवार

क्यूएसबी. ट्यूनर. सेव्हन्टी थ्री.

ठीक आहे. ट्यूनर शिकते. काट्यासारखा सरळ लावते, मग बघू कसला खड्डा पडतो.

दुपारी नंदुरबारहून देवरेभाऊ आले, यांचे मित्र, क्लबचे अध्यक्ष. क्लबात माणसं किती हे विचारायचं नाही. ट्यूनर शिकवायला आले होते. पेटीवर तीन नॉब. कडेचे दोन गुळगुळीत फिरतात, मधला खटखट करत फिरतो. वर काटा. पाठवलेली ताकद तारेत न जाता परत आली की काटा लाल भागात चढतो, तो खाली बसवायचा. एवढंच काम आहे. हे सांगायला त्यांना तीन कप चहा लागला आणि "इम्पीडन्स" हा शब्द ते देवाच्या नावासारखा घेत होते.

मग स्वतः फिरवायला बसले. काटा लालमध्ये. आणखी फिरवलं. लालमध्येच. सेट चालू ठेवूनच मधला नॉब फिरवला, आत चट्ट झालं, जळका वास.

"जुना पीस आहे, वहिनी. माझ्याकडे ऑटो आहे. बटण दाबलं की टकटकटक, झालं."

म्हणजे या माणसाने जन्मात हाताने ट्यूनर लावलेला नाही. जाताना म्हणतात, "बायकांना जरा वेळ लागतो, येईल हळूहळू." वर केळीचा अर्धा घड घेऊन गेले.

१२ फेब्रु.

पेटी उघडून बघितली. मधल्या नॉबच्या एका खटक्यापाशी काळं पडलंय. देवरेभाऊंची सही. बाकी ठीक.

एकटीने बसले. आधी नुसतं ऐकायचं, खरखर सगळ्यात मोठी होईल तिथे मधला खटका ठेवायचा. मग अगदी कमी ताकद, आणि कडेचे दोन नॉब थोडे थोडे. एक हलवला की दुसरा बिघडतो. ठिबकचे व्हॉल्व्ह असेच, एका ओळीला पाणी वाढवलं की दुसरीचं तुटतं. घाई केली की सगळंच गेलं.

काटा बसला! जवळजवळ तळाला. एकटीच टाळ्या वाजवल्या, मग लाज वाटली.

सुनंदाची, माझ्या धाकट्या जावेची, लाल नेलपॉलिश मागून आणली आणि तिन्ही नॉबच्या जागांवर ठिपके दिले. आता रविवारी ठिपक्यावर ठिपका.

१६ फेब्रु., रविवार

ठिपक्यावर ठिपका ठेवला. काटा लालमध्ये.

नेट चालू झालेलं. घाईघाईत कसंबसं अर्ध्यावर आणलं. मास्तर, "क्यूएसबी." आज निदान खोटं नसेल.

वाईट याचं वाटलं की बाकी सगळ्यांनी मला "फाइव्ह नाइन, एकदम क्लिअर" दिलं. काटा अर्ध्यावर असताना! इंदूरवाले तर म्हणाले, "बहुत बढ़िया सिग्नल, भाभीजी." कोणालाही काहीही ऐकू आलं तरी फाइव्ह नाइन, पैकीच्या पैकी. लग्नात जेवण कसं झालं म्हणून विचारतात तसं. मी शेवटी भुसावळकरांना म्हटलं, "काका, खरं सांगा."

 मग, "खरं? ताई, चार-तीन. अर्धे शब्द गेले."

त्या बँडवर एक तरी माणूस आहे.

१८ फेब्रु.

कारण सापडलं. ठिपके दिले त्याच्या आदल्या दिवशी बागेला पाणी दिलं होतं, रविवारपर्यंत जमीन वाळली. ट्यूनरची जमिनीतली सळई केळीच्या वाफ्यात ठोकलेली आहे, मास्तरांनीच ठोकली. काळी जमीन कोरडी असली तर नॉब एका जागी, ओली झाली की दुसऱ्या. देवरेभाऊंना फोनवर सांगितलं तर म्हणे, "असं काही नसतं."

लाल ठिपके ओल्याचे, हिरवे कोरड्याचे. हिरवी नेलपॉलिश सुनंदाकडे होती. कधी लावते देव जाणे.

२३ फेब्रु., रविवार

ओली जमीन, ठिपके बरोबर, काटा तरीही वर. वेड लागायची पाळी. गच्चीवर जाऊन बघते तर सुनंदाने तारेवर दोन गोधड्या आणि नऊवारी वाळत घातलेली. मी ओरडलेच. सेट चालू असताना हात लागला तर चटका बसतो.

ती शांतपणे, "हाई तार कसाले शे मंग, ताई? वरीसभर रिकामी टांगेल शे."

"तुझ्या भाऊजींशी बोलायला."

"बोलतस का मंग ते?"

 गोधड्या काढून कठड्यावर टाकल्या. खाली येईपर्यंत नेट संपलेलं.

२ मार्च, रविवार

आज काटा तळाला. कोरडी जमीन, हिरवे ठिपके, गोधड्या कठड्यावर. भुसावळकर स्वतःहून म्हणाले, "ताई, माझ्या खोलीत बसून बोलताय असं वाटतंय." काकांच्या तोंडून ते आलं म्हणून खरं धरलं.

मास्तरांना विचारलं. अर्ज करताय का.

"क्यूएसबी आहे फार..."

इतका राग आला की माइक ठेवून दिला. चाळीस पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवतो हा माणूस.

तेवढ्यात भुसावळकर मध्ये आले. "मास्तर, मला ताई छान ऐकू येताहेत आणि तुम्हीही. मी रिले करतो. ताई विचारताहेत, बदलीचा अर्ज करताय का. पुन्हा सांगतो. बदलीचा. अर्ज. करताय का. ओव्हर."



मास्तर म्हणाले, "थांबा. होळीनंतर सांगतो."

म्हणजे ऐकू येतं. सगळ्या बँडसमोर सिद्ध झालं. मला फार बरं वाटायला हवं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

आले नाहीत. तिकडची होळी सोडवत नाही म्हणे, पोरांच्या घरून बोलावणी आहेत. मोलगीहून फोन, मागे ढोल. आवाज असा खुललेला की मला आधी ओळखूच आला नाही. घरी असताना यांचा आवाज असा कधी होता, आठवून बघितलं. शाळेतून आले की पेपर, पेपर झाला की जेवण, मधे भावाशी बांधावरून कुरकुर.

खापरावरची पुरणपोळी केली. सुनंदाच्या घरात सगळे एकत्र जेवले.  आठवण येते. लिहून ठेवते, कारण तोंडाने कोणापुढे म्हणणार नाही, त्यांच्यापुढे तर नाहीच.

१६ मार्च, रविवार

होळी झाली. पहाटे उठून जमीन बघितली, ओली. लाल ठिपके. काटा इतका खाली की हलतोय का हेच कळेना. असा कधीच लागला नव्हता.

नेटवर आज गर्दी. इंदूरवाले, औरंगाबादचे दोघे, एरवी कधी न येणारे देवरेभाऊसुद्धा. सगळ्यांना एकदम सिग्नल चेक करायचा होता! तमाशा बघायला जमलेले. मी मास्तरांना हाक मारली आणि फक्त "सांगा" म्हटलं.

रेडिओवर मास्तर नेहमी पुस्तकी बोलतात, शाळा तपासायला साहेब आल्यासारखं. आज तसं बोलले नाहीत, घरच्या अहिराणीत बोलले.

"मी अर्ज करनार नही. माले आठेच ऱ्हावानं शे." मग थांबले. माइकचं बटण दाबलेलंच होतं, मागे कोंबडा ओरडलेला ऐकू आला, पोरं पाणी भरताना भांडत होती तेही. "तू येशी का आठे? ऱ्हावाले?"

एकेक अक्षर. कधी नव्हे तो एवढा स्वच्छ आवाज. शेवटी श्वास घेतला तोही.

मी काय काय तयार करून बसले होते. नाही म्हणाले तर हे बोलायचं, हो म्हणाले तर ते. दीड महिना मनात भांडत होते. हे कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. केळी कोण बघणार, म्हैस, सासूबाईंची औषधं, माझा बचत गट, आणि हे घर, जे मी यांच्याशिवाय तीन वर्षं चालवलं आणि चांगलं चालवलं. हे सगळं खरं आहे. पण ते नंतर आठवलं. आधी नुसती भीती वाटली. माणूस मला बोलावतोय आणि मला जावंसं वाटलं, म्हणून.

माझा हात उजव्या नॉबवर गेला. ठिपक्यापासून लांब फिरवला. पाव, मग अर्धा. मग माइक दाबला. काटा चढून लालमध्ये जाताना मी बघत होते.

म्हटलं, "मास्तर, क्यूएसबी आहे. आवाज खाली-वर होतोय. कॉपी नाही."

 मग भुसावळकर, हळू आवाजात, "ताई, आता तुमचाच आवाज गेला. ट्यूनर बघून घ्या."

मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काका. तिले ऐकू गयं."

सेट बंद केला.

१७ मार्च, सोमवार

देवरेभाऊंचा फोन. "वहिनी, काल तुमचा ट्यूनर बिघडला वाटतं. म्हटलं होतं ना, ऑटो घ्या." फोन ठेवून दिला.

इतके दिवस मास्तरांना खोटं बोलणारा म्हणत होते, इथेच, याच वहीत. मागची पानं वाचवत नाहीत.

उजवा नॉब अजून कालच्याच जागी आहे. पुसायला गेले तर हलेल म्हणून पेटी पुसलीही नाही.

सुनंदा दुपारी गोधड्यांची बादली घेऊन दारात उभी. "ताई, तारवर टाकू का आज?"

म्हटलं, टाक. रविवारपर्यंत काढ म्हणजे झालं.