गाडीत वास आहे

सोमवार, ३ तारीख

आणि दादा म्हणे, मी कुठे टिकत नाही! अरे, टिकायला जागा तर धड हवी. मागच्या गॅरेजात पगाराऐवजी उपदेश मिळायचा, तो खाऊन कोण टिकेल? आता येऊन बघ म्हणावं. गॅरेजच्या बरोबर वर माझी स्वतःची खोली. खिडकीला काच, नळाला पाणी, आणि खाटेचे चारही पाय एका उंचीचे! वहिनीने बळेच दिलेल्या या वहीत रोज चार ओळी लिहायचं कबूल केलंय. सातवीनंतर आज पेन हातात धरतोय, तेव्हा अक्षराला हसू नये.

मालक मोठा लाघवी. बापाच्या वयाचा, पण मला ‘अहो मिस्त्री’ म्हणतो. आल्या आल्या जेवलात का विचारलं, मग दादाचं नाव, पत्ता, मग घरी महिन्याला किती धाडणार. मी आपलं फुशारकीत साडेसहा हजार ठोकून दिलं. त्याने ते नीट लिहून घेतलं. मग काम सांगितलं, एकच. त्याची स्वतःची राखाडी गाडी आहे. गाडीत वास आहे, तेवढा काढा, की तुम्ही इथे पक्के.

दार उघडलं तर जळक्या रबराचा वास. हात्तिच्या! डाव्या हाताचा खेळ.

मंगळवार, ४

बॉनेट उघडून आधी नाक घातलं, मग हात. फॅन बेल्ट घासून घासून आरशासारखा झालेला. त्याला ताणून धरणारी पुली फिरेचना, बेअरिंग जाम. पट्टा धावतोय आणि पुली अडून बसलीय, मग जळणार नाही तर काय होईल? दोन्ही नवे टाकले, लांब फेरी मारून आलो. वास गायब.

मालकाला बोलावलं. त्याने इंजिनाकडे बघितलंच नाही. काचेतून आतल्या सीटकडे बघत राहिला आणि म्हणाला, अजून आहे.

गुरुवार, ६

खरंच आहे. आज पुढचं उजवं चाक चटका बसेल इतकं तापलेलं. पेडल सोडलं तरी ब्रेक सुटत नव्हता. सगळं खोलून घासलं, वंगण लावलं, पॅड बदलले. चाक आता बोटाने फिरतं. माझं काम चोख आहे, दादाने समोर उभं राहून बघावं.

संध्याकाळी मालक पुन्हा काचेशी. विचारतो कसं, तर आज शांत आहे का? वासाला कुणी शांत म्हणतं?

शनिवार, ८

गाडी कालपासून जागची हललेली नाही. इंजिन थंडगार. तरी वास, आणि कालच्यापेक्षा जास्त. बंद गाडीत रबर जळत नाही, एवढं मलाही कळतं.

पायाखालची मॅट उचलली. पेडलजवळ काळा गोळा वितळून घट्ट बसलेला. मॅटचाच तुकडा वाटला. खरवडून उजेडात धरला, तर त्यावर नक्षी. बुटाच्या तळव्याला असते तशी.

आधीच्या मिस्त्रीचं विचारलं. मालक म्हणाला, गावी गेला. त्याच्या आधीचा? तोही गावी. सगळ्यांची गावं भारीच ओढ लावणारी दिसतात.

सोमवार, १०

आज चहा करपला. मी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, मालक मात्र मजेत पीत होता. हसून म्हणाला, लहानपणी आजारी पडलो, तेव्हापासून नाक मेलंय, मला अत्तर काय न् गटार काय, सारखंच. मीही हसलो.

जिना चढताना पाय थांबला.

मग गाडीत वास आहे, हे याला कळलं कसं?

बुधवार, १२

टायरांच्या ढिगामागे बूट सापडले. दोन जोड. वरून नवेकोरे. तळवे नाहीत. वितळून गेलेत.

बुटांत मनीऑर्डरच्या पावत्या. दोन वेगळी घरं, दर महिन्याला, या महिन्यातही. माणूस गावी गेला, तर त्याच्या घरी पैसे कोण पाठवतंय?

पळायला हवं. पण दादा दारातच विचारणार, आलास? दहा दिवस तरी भरले का रे? — उद्या एकदा बघतो. मग हिशेब मागून सुटतो.

गुरुवार, १३. दुपार

गाडीत बसून लिहितोय. मालक म्हणाला, आत बसा, म्हणजे कळेल कुठून येतो. सीटचा पट्टाही लावा. लावला. त्याने शटर ओढलं —

पट्टा सुटत नाही.

मालक फोनवर कुणाला तरी सांगतोय — नवा बसला की जुना उठतो म्हणे —

वास. मी नाकाचा समजलो. हा राहण्याचा म्हणत होता — भुताचा असतो, तो वास —

शेजारची सीट दबलेली होती. आत्ता वर आली. पलीकडचं दार आपोआप उघडलं, हळूच लागलं. कुणीतरी उतरलं.

इंजिन बंद आहे. पाय भाजतायत. बूट पेडलला चिकटलेत — वास आता माझ्याच —

काचेवर पाना हाणला. फुटत नाही. मालक जवळ आलाय. मनीऑर्डरचा फॉर्म काचेला लावून अदबीने विचारतोय, अहो मिस्त्री, दादांचं नाव असंच लिहितात ना?

नाव बरोबर. पत्ता बरोबर. खाली — अक्षरी रुपये साडेसहा हजार —