पाणचिचुंद्रीवरचा आळ

सोमवार, २ मे १८८१. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

तिसऱ्या वाफ्यात, घोटाभर वाहत्या पाण्यात, क्रेसची पालेभाजी कापत होतो. आठच्या गाडीने ती लंडनला जायची होती. मुळांत हात घातला आणि मधल्या बोटाला पाणचिचुंद्री चावली. वरून काळी, पोटाला पांढरी, मुठीत मावेल एवढी. रक्त थेंबभर. आग मात्र कोपरापर्यंत.

मंगळवार, ३ मे.

बोट अजून लाल. उंदीर मला चार वेळा चावला आहे, त्याने असे जळजळत नाही. हिच्या लाळेत विष आहे.

संध्याकाळच्या वाचनवर्गात मास्तरांना सांगितले. सगळ्यांसमोर म्हणाले, "विष सापाला असतं, केसाळ जनावराला नाही. तू चौथीत शाळा सोडलीस ते दिसतंय." सगळे हसले. मास्तरांनी वाफ्यात कधी पाय तरी बुडवला आहे? माझे बोट बघितलेसुद्धा नाही!

गुरुवार, ५ मे.

जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिला पाहिले. पाण्यात शिरली की केसांत हवा अडकते आणि काळीची चांदीची होते. मागच्या पायांना आणि शेपटीखाली राठ केसांची झालर — तेच तिचे वल्हे. मी पंधरा मोजेपर्यंत वर आली. तोंडात अळी. आमची भाजी कुरतडते, तीच अळी. असे अकरा वेळा. म्हणजे मालकांचेच काम करते, तेही फुकट.

शुक्रवार, ६ मे.

मालक प्रॅग्नेल यांची गाय लंगडते आहे. मुकादम एलाय बड म्हणाला, "पाठीवरून चिचुंद्री धावली असणार. विषारी असते ती. आपल्या पंडितानंच सांगितलंय."

पंडित म्हणजे मी. मी चावण्याचे सांगितले होते, धावण्याचे नाही! मास्तर ऐकत नाहीत, आणि हा ऐकतो ते भलतेच.

उपाय जुनाच. ॲशच्या झाडाच्या खोडाला गिरमिटाने भोक पाडायचे, जिवंत चिचुंद्री आत घालायची, वर खुंटी ठोकायची. मग त्या झाडाची फांदी गायीच्या पायावरून फिरवायची. "बिळं तुला ठाऊक आहेत. धरून आण एक."

नाही म्हणालो.

"राहिलं. कुदळ आहे माझ्याकडे."

शनिवार, ७ मे.

पहाटे साडेचारला गोठ्यात जाऊन गायीचा पाय उचलला. खुरात गारगोटीची कपची, नखाएवढी. काढली, धुतली. दुपारी गाय नीट चालली. मालकांना कपची दाखवली. म्हणाले, "माझ्या गायीला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

एलाय मागेच उभा होता. "कपची निघाली कशामुळे, मालक? काल संध्याकाळीच एक झाडात कोंबली मी."

जाऊन पाहिले. तिसऱ्या वाफ्याचा काठ हातभर उकरलेला. झाडाला नवी कोरी खुंटी. कान लावला. काही नाही.

रविवार, ८ मे.

चर्चबाहेर चौघे जण एलायभोवती. तो टोपी मागे सारून सांगत होता, "जनावरांना एक चिचुंद्री पुरते. माणसाला ज्याची त्याची वेगळी लागते." हे कुठून काढले? कोणी विचारलेसुद्धा नाही.

सोमवार, ९ मे.

आईचा डावा पाय हिवाळ्यापासून धड टेकत नाही. काठी आणि भिंत धरून चालते. आज म्हणाली, "एलाय आणतो म्हणाला. मीच नको म्हटलं, तो सगळा काठ उकरेल. तू एकच आण, बाळा. तुला ती सापडते."

तिला सगळे सांगितले. अळ्यांचे सांगितले. कपची हातावर ठेवली. तिने उलटसुलट करून बघितली.

"माझ्या पायात कपची नाही रे."

पाव तसाच टाकून बाहेर पडलो. घरातसुद्धा तेच! पण एलायवर ओरडता येते. आईवर कसे ओरडायचे?

बुधवार, ११ मे. सकाळचे सात.

काल ॲशला दुसरे भोक पाडले, खुंटी ठोकली, फांदी आणली. आईने ती पायावरून फिरवली. मग विचारले, "आत फार तडफडत असेल का रे ती?"

"नाही," म्हणालो.

आज आई काठीशिवाय दारापर्यंत गेली आणि परत आली.

माझ्या खुंटीमागचे भोक रिकामे आहे.