केरबा हे नाव कुणाचं

अण्णा, दोन महिन्यांपूर्वी तुमच्या नातवाचं बारसं झालं. तुमच्या लाडक्याचा, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला. पुनावळ्याला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भाड्याचा पाळणा, फुगे, फोटोवाला, सगळा थाट होता. भावजयीनं माझ्या हातात छापील चिठ्ठी दिली. रेयांश. म्हणे सूर्याच्या किरणाचा अंश. फोनवर अर्थ बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, छान आहे. आत्या होते ना, आत्याला छानच म्हणावं लागतं. पण खरं सांगते, त्या दिवशी सकाळपासून मी नुसती धुमसत होते, आणि ते रेयांशमुळे नव्हतं.

तुमच्या नावाची गोष्ट तुम्ही मला एकटीला सांगितली होती, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. संत तुकाराम नगरची ती दोन खोल्यांची जागा. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आला आहात, बनियनवर, स्वयंपाकघरात पाटावर बसून बशीतून चहा पिताय. मी केर काढतेय. तुम्ही म्हणता, "पोरी, जपून काढ. त्यात तुझा बाप हाय." मग सांगता, की तुमच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तुम्ही जन्मल्या जन्मल्या आजीनं तुम्हाला सुपात घालून उकिरड्यावर, केरात नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं, म्हणाली, "केरात घावलंय, कुणाला पायजे का?" आणि आजीनं पसाभर ज्वारी देऊन स्वतःचंच पोर विकत घेतलं. टाकून दिलेलं पोर काळ कशाला नेईल? म्हणून केरबा. मी झाडू धरून तशीच उभी राहिले. असं नाव आमच्या अख्ख्या चाळीत कुणाच्या बापाचं नव्हतं.

तरी नववीत मी फॉर्मवर नुसतं 'के.' लिहिलं, कारण वर्गातल्या मुली माझं पूर्ण नाव वाचून नाक दाबायच्या. तुम्ही फॉर्म बघितलात, ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, "ज्या नावानं मला जगवलं, ते तू झाकून ठेवतीस?" मी रडत रडत पूर्ण नाव लिहिलं. पुढं धाकट्यानं कॉलेजच्या फॉर्मवर तेच केलं तेव्हा मी वाट बघत होते, आता याला बोलणार. तुम्ही हसलात. "असू दे गं, पुढं साहेब व्हायचंय त्याला." ते हसणं मी अजून विसरलेले नाही, अण्णा. शिकवण मला आणि सूट त्याला.

आणि गंमत बघा. ज्यानं नाव झाकलं त्याच्याकडं ते जन्मभर राहिलं. आजही त्याच्या आयटी कंपनीच्या कार्डावर मधे 'के.' आहे. मी पूर्ण लिहायला शिकले, आणि लग्नात एका सहीनं ते गेलं, तिथं नवऱ्याचं आलं. माझ्या मुलाच्या वेळी मी सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "माहेरचं नाव आमच्या पाळण्यात? लोक काय म्हणतील?" मी तुमच्याकडं आले, वाटलं तुम्ही तरी माझी बाजू घ्याल. तुम्ही म्हणालात, "नाव मुलाच्या घरात फिरतं, पोरी. ते त्याचं हाय." एवढंच बोललात आणि टीव्ही मोठा केलात. त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. चाकणला आमच्या कंपनीत माझ्या लाइनची हजेरी मीच घेते. ओम, आर्यन, तीन तीन मल्हार. केरबा एकही नाही. नवी नावं येतात तेव्हा मी यादी दोनदा वाचते.

बारशाला बायका "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत होत्या. मी पाळण्याशी वाकणार तेवढ्यात धाकटा जवळ आला. हळूच म्हणाला, "ताई, कानात अण्णांचं नाव सांग. बाहेर हिचं राहू दे, आत आपलं." त्याचे डोळे भरले होते. मला त्याची माया यायला हवी होती. आली नाही. मनात आलं, चोरा, वीस-बावीस वर्षं के. के. करत फिरलास, आणि आता हे पण तुलाच? तेही माझ्या तोंडून? मी वाकले. बाळाच्या कानाला तेलाचा वास होता, कानावर तुमच्यासारखीच लव होती. बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. धाकट्यानं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." मग सरळ उभी राहून मोठ्यानं रेयांश म्हटलं आणि टाळ्या झाल्या.

आता भावजय आसपास नसली की तो बाळाला "केरबा, ए केरबा" म्हणतो. बाळ मान वळवतं. परवा मला फोन करून सांगत होता, "ताई, तू कानात सांगितलंस ना, म्हणून ओळखतंय बघ." मी हो म्हटलं. बाळ त्याच्या आवाजाला वळतं, एवढं कळायला मी दोन पोरं वाढवली आहेत.

हे पत्र कुठं पाठवणार? कपाटात साडीखाली ठेवीन. सही माहेरची केली आहे, मधलं नाव पूर्ण लिहून. तुम्हाला राग आला तरी चालेल, पण तुम्हाला तरी खरं सांगते. मी त्याच्या कानात नुसतं कुर्रर्र केलं, अण्णा. तुमचं नाव मी दिलं नाही.